शेपू, ट्यूबलाइट आणि न घ्यायचं नाव

भिलाईच्या हुडको कॉलनीतल्या आमच्या समोरच्या घराच्या खिडकीतून रोज संध्याकाळी जांभळा उजेड पडायला लागला, तेव्हा गल्लीत तर्कांना ऊत आला. एकानं सांगितलं, आत बुवा बसवलाय. दुसऱ्यानं सांगितलं, बुवा नाही, पोरगा चोरून ब्यूटी पार्लर चालवतो. शेवटी चौकशीचं काम माझ्याकडे आलं, कारण मी सगळी नोकरी इथल्याच पोलाद कारखान्यात, लाइटिंग सेक्शनमध्ये काढली. ‘काय दिवे लावले आयुष्यात?’ असं मला कोणी टोचून विचारू शकत नाही. दिवेच लावले, आणि त्याचा पगार घेतला.

आत जाऊन पाहिलं तर बुवा नव्हता, कोथिंबीर होती. फळीवर ओळीनं डबे, वर जांभळी पट्टी आणि बाजूला तो इंजिनिअर पोरगा, नातवाला पाळण्यात पाहावं तसा कोथिंबिरीकडे पाहत उभा.

“अंकल, हे एलईडी ग्रो लाइट हाय,” तो म्हणाला. “एकदम नई टेक्नॉलॉजी. तुमच्या जमान्यात असं काही नव्हतं ना, तं समजायले थोडं जड जाईन.”

मी चहा प्यायलो आणि गप्प बसलो. म्हातारा गप्प बसला की लोकांना वाटतं, त्याला पटलं. पण घरी आल्यावर काही चैन पडेना. अहो, हा पोरगा जन्मायच्या कितीतरी आधी, कारखान्याचं बांधकाम चालू होतं तेव्हा, आम्ही याच भिलाईत बंद खोलीत दिव्याखाली पीक काढलं होतं. आणि तेही कोथिंबीर नाही, शेपू.

त्या वेळी आमच्याकडे दिव्यांच्या तीन जाती होत्या. पहिला साधा बल्ब. त्यात तार तापते, उजेड थोडा आणि उष्णता फार. रंग पिवळसर तांबूस. दुसरी ट्यूबलाइट, तेव्हा नवी नवरी. गार, पांढरी, पण चोक आणि स्टार्टर हे दोन दीर बरोबर असल्याशिवाय पाऊल उचलायची नाही. तिसरा मर्क्युरीचा दिवा, रस्त्यांवर आणि शेडमध्ये लावायचा. बटण दाबलं की आधी मंद गुलाबी होणार, मग सावकाश निळसर पांढरा चढणार. मध्ये वीज गेली की हा रुसला. थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटायचा नाही, तुम्ही मुख्यमंत्री आणून उभे करा.

कोणत्या उजेडात काय कसं दिसतं, हे मला पुस्तकानं नाही, क्वार्टरमधल्या लोकांनी शिकवलं. सेक्टर १० मध्ये नव्या घरांना ट्यूब लागल्या, आणि विदर्भातून आलेल्या आमच्या मराठी कुटुंबांत एक नवंच संकट उभं राहिलं. मुलगी दाखवायचा कार्यक्रम ठरला की मुलीचा बाप माझ्या दारात. “वानखेडे, संध्याकाळपुरती ती ट्यूब काढून पिवळा बल्ब लावून दे ना बाप्पा. पोरगी चांगली गव्हाळ आहे, त्या ट्यूबखाली राखेवानी दिसून राहिली.” मी बल्ब लावून द्यायचो. एकदा तर मुलाकडच्यांनाही कुणीतरी सावध केलं होतं. मुलाच्या मामानं मला बाहेर गाठून विचारलं, “ट्यूब हाय ना घरात? मंग बल्ब कावून लावला?” मी म्हटलं, “स्टार्टर गेला.” ते लग्न झालं. मामा पुढे अनेक वर्षं भेटले की म्हणायचे, “काय वानखेडे, आला का स्टार्टर?”

हे सगळं चालू असताना रशियन बाई आल्या.

कारखाना उभा करायला रशियन तज्ज्ञ आले होते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यातल्याच एका तज्ज्ञाची ही बायको. उंच, लालबुंद, मोठ्यानं हसणारी. तिच्या देशात हिवाळ्यात सूर्य नावापुरता उगवतो, म्हणून तिथे काचघरात दिवे लावून भाजी वाढवतात, आणि लग्नाआधी तिनं तेच काम केलेलं. इथे आल्यावर तिला उलटा प्रश्न पडला. भिलाईत ऊन कमी नव्हतं. उन्हाळ्यात ते इतकं असायचं की अंगणात पेरलेलं काहीही चार पानं काढून करपून जायचं. तिला तिच्या लोकांच्या मेससाठी हिरवा पाला हवा होता, म्हणून तिनं सुचवलं की थंड ठेवलेल्या बंद खोलीत दिव्याखाली तो वाढवू. आमचे देशकर साहेब, नागपूरचे, सेक्शनचे प्रमुख, पाहुण्यांना नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते म्हणाले, “वानखेडे, तिन्ही जातीचे दिवे लावून पाहा. कोणत्या दिव्याखाली चांगलं येते ते मले दाखव. जमलं तं हॉस्पिटलच्या मेसलेही भाजी देऊ.”

बाईला पाहिजे होता ‘उक्रोप’. हा शब्द आम्हाला कळेना. स्टोअरच्या माणसानं तो रोलिंग मिलचा सुटा भाग समजून दोन कपाटं धुंडाळली आणि ‘शिल्लक नाही’ म्हणून कळवलं. शेवटी बाईंनी कागदावर झुपकेदार पानाचं चित्र काढलं. मी ते घरी नेलं. माझी बायको म्हणाली, “हा तं शेपू होय. एवढ्यासाठी सरकार हलवून राहिले का तुम्ही?” देशकर साहेबांना हे सांगितलं तर त्यांचा चेहरा कसनुसा झाला. शेपूचं नाव काढलं की त्यांना तिथेच ढेकर यायचा.

रशियन होस्टेलच्या मागची एक कोठी मिळाली. तिला थंड ठेवायचं यंत्र बसवलं, काळ्या कापडाचे पडदे लावून तीन कप्पे केले. एकात बल्ब, एकात ट्यूब, एकात मर्क्युरी. बाई म्हणाल्या, आधी प्रत्येक कप्प्यात ट्रेमध्ये गहू पेरा. गहू पटकन उगवतो आणि कोणता दिवा काय करतो ते लगेच सांगतो. शेपूचा एक खोका वेगळा ठेवला.

आणि या सगळ्याची निगा राखायला फुलबासन आली.

फुलबासन दुर्गजवळच्या खेड्यातली. बांधकामावर डोक्यावर सिमेंटचा गारा वाहणारी रेजा, म्हणजे बाईमजूर. वय असेल पंचविशीचं, अंगानं काटक, जीभ धारदार. नवरा दुसरी बाई घेऊन आसामच्या चहाच्या मळ्याकडे निघून गेलेला. बांधकाम संपत आलं होतं आणि मस्टरवरच्या रोजंदारी मजुरांना घरी पाठवायला सुरुवात झाली होती. तिला घरी म्हणजे जेठाच्या, थोरल्या दिराच्या, घरी जावं लागणार होतं. तिथे दिवसभर राबायचं आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसायचं. देशकर साहेबांनी सांगितलं होतं की हा प्रयोग जमला तर माळ्याची एक पक्की जागा निघेल, आणि ती जागा फुलबासनला मिळावी असं ते बघतील. ती मला रोज एकदा तरी विचारायची, “पक्की होही न, बिजली बाबू?” मी म्हणायचो, होईल. मला काय माहीत होतं? पण तिला नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

तिची आणि रशियन बाईची भाषा एक नव्हती, तरी दोघी दिवसभर बोलत असत. बाई रशियन बोलायची, ही छत्तीसगडी, आणि दोघींनाही दुसरी चुकतेय असं वाटायचं. बाईंनी बाजारात वावरून थोडी हिंदी उचलली होती, तिच्यात क्रियापद शेवटी आलं तर आलं. मर्क्युरीचा दिवा रुसला की फुलबासन त्याला शिव्या द्यायची, बाई त्या शिव्या पाठ करायची. पुढे एका पार्टीत तिनं त्यातली एक फार मोठ्या साहेबांना ‘नमस्कार’ समजून ऐकवली. तो वेगळा विषय आहे.

पहिल्या पेरणीत फरक दिसायला लागला. बल्बखालचा गहू उंच, लवचीक, मान टाकणारा. मर्क्युरीखालचा बुटका, गच्च, गडद. ट्यूबखालचा हिरवागार आणि ताठ. बाई खूश. मग त्यांना नवऱ्याबरोबर काही दिवस मुंबईला जावं लागलं. मलाही भट्टीकडच्या शटडाउनच्या कामावर पाठवलं. कोठी फुलबासनच्या हाती राहिली. जाताना बाईंनी तिला हातवारे करून सांगितलं, उत्तम, उत्तम ठेव.

आता इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपल्याकडे नवरात्रात घट बसवतात. देवाजवळ मातीत धान्य पेरायचं, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायचं. ते उगवतं ते पिवळंधमक, सोन्यासारखं, आणि जितकं पिवळं तितकं घरच्यांना समाधान. छत्तीसगडात श्रावणात भोजली पेरतात, तीही तशीच, टोपलीत, अंधारात, हळदीचं पाणी शिंपडून. हिरवी झाली तर पेरणाऱ्या बाईची मान खाली जाते.

फुलबासननं काय केलं असेल ते तुमच्या लक्षात आलंच. ‘उत्तम’ म्हणजे तिच्या लेखी पिवळं; ती एकटी असताना तिन्ही ट्रे दिवसेंदिवस आणखी हिरवे होत चालले, आणि तिची झोप उडाली. मी शटडाउनवरून परत आलो तर कोठीच्या दारात ती रडवेल्या चेहऱ्यानं, पण अभिमानानं उभी.

“जम्मो बिगड गे रिहिस, बिजली बाबू. हरियर हो गे रिहिस. फेर मैं बचा लेंव.”

तिनं बिघडलेला, म्हणजे हिरवा, सगळा गहू उपटून टाकला होता. नवा पेरला होता. प्रत्येक ट्रेवर टोपली पालथी घातली होती. तिन्ही जातींचे दिवे आपापल्या कप्प्यात टोपल्यांच्या पाठींवर इमानदारीनं जळत होते. तिनं टोपल्या उचलल्या. आत काय सुंदर घट होते! पिवळेधमक, वीतभर उंच, एकसारखे.

“साहेबाले दाखवलं?” मी विचारलं. मराठीतच विचारलं, कारण मला घाबरलं की हिंदी सुचत नाही.

दाखवलं होतं. देशकर साहेब स्वतः येऊन गेले होते. त्यांनी टोपलीखाली पाहिलं आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले. “वा! सोनं पिकवलं बाई तू,” असं म्हणून, वर हुकूम देऊन गेले होते की टोपल्या हलवू नका, उद्या मोठे साहेब पाहायला येताहेत.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. रशियन बाई सकाळच्या गाडीनं उतरून थेट कोठीत. देशकर साहेबांनी स्वतःच्या हातानं टोपली उचलली, सत्यनारायणाचा प्रसाद उघडावा तशी. बाईंनी आत पाहिलं आणि एक रशियन शब्द उच्चारला. त्याचा अर्थ कोणी सांगितला नाही, कोणाला विचारावा लागला नाही.

“ये पीला क्यों है?” मोठे साहेब म्हणाले.

देशकर साहेबांना तेव्हा आठवलं की आपण घट नाही, गहू वाढवत होतो. त्यांनी घाईनं बोट दाखवलं. “सर, ये अनपढ औरत है, इसने...”

“साहेबेच तो कहे रिहिस, सोना हे!” फुलबासन मध्येच कडाडली. नोकरी गेली, हे तिच्या तोंडावर लिहिलं होतं. पिवळी भोजली कशी काढायची ते तिला चांगलं माहीत होतं म्हणूनच चुकलं, आणि हे त्या खोलीत कोणाला समजावून सांगणार?

मी आपला कोठीत नजर फिरवत राहिलो, काही मिळतंय का बघत. आणि कोपऱ्यात तो शेपूचा खोका दिसला. शेपूची भोजली कोणी करत नाही, म्हणून त्याच्यावर टोपली नव्हती. दृष्टीआड व्हावा म्हणून फुलबासननं तो ट्यूब आणि बल्बच्या मधल्या पडद्याखाली सारला होता, आणि तिथे पडदा सरकला होता. एकीकडून ट्यूब, दुसरीकडून बल्ब, दोघांचा उजेड त्याच्यावर. शेपू असा गच्च, असा हिरवा आला होता की मी त्याला हात लावून पाहिला. मी तो खोका उचलून बाईसमोर ठेवला. बाईंनी मुठीत पाला चुरगळून वास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ट्यूबमधला निळा आणि बल्बमधला तांबडा, दोन्ही मिळाले की झाडाचं पोट भरतं. हे बाईंना काचघरातून ठाऊक होतं, पण इथे ते आधी सरकलेल्या पडद्यानं सिद्ध केलं.

मोठ्या साहेबांना मेसमधून आणलेल्या उकडलेल्या बटाट्यावर लोणी आणि शेपू घालून तिथेच बशी दिली. देशकर साहेबांनाही दिली. मीच दिली, चांगली भरून. मोठ्या साहेबांसमोर ती त्यांनी संपवली.

गर्दी पांगल्यावर बाईंनी मला विचारलं, पिवळं का? मी माझ्या हिंदीत भोजली समजावली. सांगितलं की इथे भोजली तलावात शिरवून झाली की दोन मैत्रिणी तिचे तुरे एकमेकींच्या कानावर खोचतात आणि जन्माच्या सख्या होतात. त्या दिवसापासून एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. दोघींनी एकमेकींना ‘भोजली’ म्हणायचं, आणि भेटल्यावर ‘सीताराम भोजली’. माझं बोलणं संपायच्या आत बाईंनी पिवळ्या गव्हाचा तुरा खुडला आणि फुलबासनच्या कानावर खोचला. फुलबासन दचकली. श्रावण नाही, तलाव नाही, पाण्यात सोडणं नाही. मग तिनंही एक तुरा खुडला आणि टाचा उंच करून बाईच्या कानावर खोचला. “सीताराम भोजली,” ती म्हणाली. बाई म्हणाली, “सितराम बोजली.”

मला वाटलं, गंमत झाली. गंमत पुढे महागात पडायची होती.

जागा निघाली. पण तिच्यासाठी निवड समिती बसली आणि बाहेर वशिल्याच्या चिठ्ठ्याचपाट्या घेतलेली बरीच माणसं आली. समितीवर पर्सोनेलचे एक साहेब होते, शिस्तीचे. देशकर साहेब आत बसले होते, पण त्यांना सांगण्यात आलं, “आपके सेक्शन की उम्मीदवार है, आप चुप रहिए.” मी दाराशी, दिवे मी लावले म्हणून बोलावलेला.

पर्सोनेलच्या साहेबांनी तिला एकच प्रश्न विचारला. काम कोणाकडे शिकलीस? नाव सांग.

फुलबासननं पदर तोंडावर घेतला.

“नाम बोलो.”

तिनं पदर आणखी घट्ट धरला.

“जिसके साथ इतने दिन काम किया, उसका नाम भी नहीं मालूम?”

देशकर साहेब खुर्चीत चुळबुळत होते. त्यांनी ओठ हलवून नाव सुचवलं. फुलबासननं मान फिरवली, जणू त्यांनी काहीतरी अश्लील केलं होतं. मी दारातून हळूच म्हटलं, “अवं बाई, घे ना नाव! नोकरी जाऊन राहिली!” तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते, पण ओठ शिवलेले. जेठाच्या घरचं शेवटचं ताट तिला दिसत होतं, मला शंका नाही. तरी ती बोलली नाही.

“झूठी है,” साहेब म्हणाले. “नेक्स्ट.”

मी सायकल काढली. होस्टेलपर्यंत कसा गेलो आठवत नाही. बाई मेसमध्ये कणीक मळत होती, तशीच, पिठाच्या हातांनी माझ्या मागच्या कॅरिअरवर बसली. रशियन बाईला सायकलवर डबलसीट नेणारा मी भिलाईतला पहिला आणि बहुधा शेवटचा माणूस. लोक रस्त्याकडेला उभे राहून पाहत होते.

दाराबाहेर बसलेल्या फुलबासनचा हात धरून बाई आत घुसल्या, तिथे पुढचा उमेदवार बसला होता. बाईंनी त्याला नमस्कार समजून शिकलेली ती शिवी हसतमुखानं दिली. तो उठून गेला.

पर्सोनेलचे साहेब उभे राहिले. “मॅडम, आप इस औरत को जानती हैं?”

“जानती. बहुत जानती.”

“इसका नाम क्या है?”

बाईंनी फुलबासनकडे पाहिलं. मग पिठानं माखलेलं बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं.

“नाम नहीं,” ती म्हणाली. “ये भोजली. मैं भोजली. नाम बोलना, दोस्त खतम.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांना काही कळेना. मग मी पुढे होऊन सांगितलं, साहेब, आमच्याकडे बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, इथे सखीचं घेत नाहीत. देशकर साहेब एवढा वेळ गप्प बसले होते, त्यांना आता राहवेना. “सर, जी नोकरीसाठी मैत्रिणीचं नाव घेत नाही, ती आपल्या सेक्शनची कोणती गोष्ट बाहेर सांगणार?” ते मराठीत बोलले. साहेबांना मराठी येत नव्हती, पण सूर कळला. ते हसले. “तो मैं इसका नाम क्या लिखूं? दोनों का नाम तो भोजली है!”

फुलबासनची नोकरी पक्की झाली. कोठीत पुढे दोन्ही दिवे मिळून शेपू, पालक, कांद्याची पात निघत राहिली. रशियन मंडळी हळूहळू परतली तशी मेसची गरज संपली, कोठीत सिमेंटची पोती आली, आणि माझे चोक-स्टार्टर दुसरीकडे लागले. मला त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. बाई गेल्या त्या दिवशी फुलबासन दुर्ग स्टेशनवर पोचवायला आली. गाडी हलली तेव्हा बाईंनी खिडकीतून ‘सितराम’ म्हटलं आणि फुलबासननं फलाटावरून हात जोडले. नंतर कधी त्या परत आल्या नाहीत.

फुलबासन बागेत निवृत्तीपर्यंत राहिली. काही वर्षांपूर्वी ती मला भिलाईला लागून असलेल्या मरोद्याच्या बाजारात भेटली, केस पांढरे, जीभ तशीच. गप्पांत बाईंचा विषय निघाला. मी म्हटलं, “आता तं त्या कुठे हायेत कोण जाणे. आता तरी सांग ना, काय नाव होतं त्यांचं? मीच विसरून राहिलो.”

ती माझ्यावर खवळली.

“मैं काबर नांव लेहूं? गे हे, मरे थोरे हे!”

मी कशाला नाव घेऊ? गेली आहे, मेली थोडीच आहे. मग मी या लेखातही बाईंचं नाव कुठे घातलेलं नाही. फुलबासनला वाचता येत नाही, पण हा अंक मरोद्यात कोणी ना कोणी तिला वाचून दाखवेलच.